दोरीच्या अलीकडे दहा पावलं

"हितंच थांब. दोरीला हात लावायचा न्हाई."

इनामदारांच्या कारभाऱ्यानं काठी आडवी धरली. माझ्या छातीपासून वीतभर लांब. छातीला लागली असती तर काठीला विटाळ झाला असता, म्हणून वीतभर लांब.

मी थांबलो. अकरा मैल डोंगर चढून-उतरून आलो होतो, अनवाणी. समोर दहा पावलांवर दोन बांबूंना बांधलेली दोरी. तिला झेंडूची फुलं लावलेली. पलीकडे मांडव, मांडवात खुर्च्या, खुर्च्यांत इनामदारांचे पाहुणे. मागं वळून बघितलं तर खिंडीपर्यंतची वाट रिकामी. चिटपाखरू नव्हतं. शर्यतीत सगळ्यांच्या आधी मी आलो होतो, आणि दोरी तोडायची होती दुसऱ्यानं. तो दुसरा अजून डोंगरात कुठंतरी बसून पाय चोळून घेत होता.

किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. अंगावरचा घाम वाळला. तळव्यात मोडलेला काटा काढून झाला. मांडवात एकदा चहा फिरला, मग पानं फिरली. मग खिंडीच्या तोंडाशी इनामदारांचे चिरंजीव बाळासाहेब दिसले. दोन्ही बाजूंना दोन गडी, एकाच्या हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्याच्या हातात कापलेली लिंबं. वाजंत्री सुरू झाली. कारभाऱ्यानं मला काठीनं खुणावलं, वाटेवरून खाली उतर. मी उतरलो. बाळासाहेब माझ्या शेजारून गेले, दोरी छातीनं तोडली आणि लोकांनी टोप्या उडवल्या.

सगळ्या गावानं मला आधी आलेलं बघितलं होतं. सगळ्या गावानं टोप्या उडवल्या. मला त्या वेळी राग आला असता तर आज सांगायला बरं वाटलं असतं. पण मला काहीच वाटलं नाही. मी कडेच्या दगडावर उभा राहून बघत होतो आणि मलाही वाटत होतं की असंच असतं.

आमचं गाव उंब्रजपासून पाच-सहा मैल आत, डोंगराच्या पायथ्याला. खाली इनामदारांचा ऊस, वर कुसळं. आम्ही महार, आणि आमच्या घराकडे येसकरकी. येसकर म्हणजे गावासाठी पळणारा माणूस. मामलेदार येवो, फौजदार येवो, नाहीतर इनामदारांचा जावई येवो, त्याच्या घोड्यापुढं घुंगराची काठी घेऊन पळायचं. घोडं चाललं तर चालायचं, दौडलं तर दौडायचं. हे गावाच्या शिवेपर्यंत. शीव आली की वाट सोडून खाली उतरायचं, वाकून जोहार घालायचा आणि घोड्याला आधी शीव ओलांडू द्यायची. घोड्याच्या आधी आपला पाय पडता कामा नये. पलीकडे त्या गावचा महार काठी घेऊन उभा असायचाच.

याच्या बदल्यात आम्हाला काय? दारोदार फिरून भाकरी मागायचा हक्क. हक्क म्हणायचे त्याला, आणि आम्हीही तोंड भरून हक्कच म्हणायचो.

जर्मनची दुसरी लढाई संपली त्याच्या पुढच्या सालच्या मार्गशीर्षात बाळासाहेब सांगलीच्या कॉलेजातून घरी आले ते एक खूळ घेऊन. मॅरेथॉन. गावात कुणाला शब्द माहीत नव्हता. इनामदार, म्हणजे दादासाहेब, त्यांनाही नव्हता, पण पोराला सांगायचं कसं, म्हणून ते "व्हय व्हय, ती मोठी चीज आसती" म्हणाले. देवीच्या जत्रेला शर्यत ठरली. वाड्यासमोरून निघायचं, डोंगरमाथ्यावरच्या देवळाला वळसा घालायचा, पलीकडच्या अंगानं उतरायचं आणि खिंडीतून परत यायचं.

बाळासाहेबांचा सराव महिनाभर चालला. सराव म्हणजे काय, तर सकाळी उसाच्या बांधावरून दोन फेऱ्या, मग अंडी, मग एका गड्याकडून तेल लावून मालिश. बांधावर ढेकूळ दिसलं तर दुसरा गडी पुढं जाऊन उचलायचा. पांढरे कॅनव्हासचे बूट साताऱ्याहून आणले होते. त्या बुटांना माती लागली की बाळासाहेब थांबून झटकायचे. मातीत पळणाऱ्या माणसाला मातीची एवढी किळस मी दुसरीकडे बघितली नाही.

शर्यतीत वीसेक जण. सगळे इनामदारांच्या कुळांची पोरं, दोघं पलटणीतून रजेवर आलेले. पण अडचण अशी की डोंगरात पाऊलवाटा फुटतात. गुरांच्या वाटा, लाकूडफाट्याच्या वाटा. बाळासाहेब जन्मात पायी देवळाला गेले नव्हते, मेण्यातून गेले होते. म्हणून येसकराला सांगावा आला, म्होरं पळून वाट दाव. माझ्या बापाचा, आबाचा, गुडघा गेला होता. काठी माझ्या हातात आली. मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा होतो.

निघायच्या आधी बाळासाहेबांनी भाषण केलं. फार पूर्वी परमुलखात एक जासूद होता म्हणे. लढाईची बातमी घेऊन तो कित्येक मैल पळाला, बातमी सांगितली आणि तिथंच पडून मेला. त्याची आठवण म्हणून जगभर ही शर्यत पळतात. मांडवातल्या लोकांचे डोळे पाणावले. एका पाहुण्यानं रुमाल काढला.

माझा आजा मयताचा सांगावा घेऊन पळायचा. गावात कुणी मेलं की भावकीच्या गावांना कळवायचं काम येसकराचं. वाड्यातली म्हातारी गेली तेव्हा त्यानं एका दिवसात सात गावं केली आणि आठव्या गावाच्या वाटेवर, याच खिंडीत, पडला तो उठलाच नाही. आठव्या गावचे पाहुणे मातीला पोचले नाहीत. त्याबद्दल वाड्यानं आमची त्या सालची भाकरी बंद केली. परमुलखातल्या जासुदाला रुमाल आणि खिंडीतल्या म्हाराला शिक्षा. तरी मी भाषण संपल्यावर टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते.

पळताना मी प्रत्येक फाट्यावर थांबायचो, घुंगरं वाजवायचो, पहिलं माणूस दिसलं की पुढं निघायचो. पहिलं माणूस नेहमी बाळासाहेबच असायचे. ते वेगानं पळत होते म्हणून नाही. ते बसले की बाकीचेही बसायचे. पलटणीतले दोघं तर चालत आले असते तरी त्यांच्या पुढं गेले असते, पण बाप कूळ असलेल्या माणसाचे पाय मालकाच्या पोराच्या मागंच पडतात. शर्यत म्हणजे वरात होती. नवरदेव पळतोय आणि वऱ्हाड त्याच्या बेतानं दम खातंय.

खिंडीच्या वर शेवटचा फाटा. तिथून वाट सरळ. बाळासाहेब दिसल्यावर मी ओरडलो, "आता सरळ या जी," आणि सुटलो. त्या दिवशी पहिल्यांदा मला कुणासाठी थांबायचं नव्हतं. खाली दोरी दिसत होती. तीन मैल मी जे पळालो ते कुणाच्या पुढं पळालो नाही, नुसता पळालो. मग कारभाऱ्याची काठी आडवी आली.

बक्षीस समारंभात बाळासाहेबांना चांदीचा पेला दिला. मग दादासाहेबांनी मला बोलावलं, पाहुण्यांना म्हणाले, "ह्यो आमचा म्हार. घोड्याला बी आईकत न्हाई." पाहुणे हसले. साताऱ्याहून एक शाळामास्तर वेळ टिपायला आणले होते, हातात घड्याळ आणि वही. एका पाहुण्यानं त्यांना विचारलं, याला किती वेळ लागला हो? मास्तर वही चाळायला लागले. दादासाहेब म्हणाले, "म्हाराचा कसला वेळ धरताय मास्तर. त्येला काय काम हाय दुसरं."

बाळासाहेबांनी पायातले बूट काढले आणि माझ्यासमोर टाकले. "घे. पळालास चांगला."

मी ते उचलले. डोक्याला लावले. जोहार घातला. हे मी सांगितलं नाही तर पुढचं सांगायचा मला अधिकार नाही. मी ते बूट डोक्याला लावले, आणि घरी जाताना मला आनंद झाला होता.

बूट मला लहान झाले. दोन दिवसांत अंगठ्याचं नख गेलं. मग आबानं एक बूट दाराला अडणा म्हणून लावला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांची वळकटी उंब्रजच्या मोटारीपर्यंत पोचवायचं काम मलाच. मी वळकटी डोक्यावर घेऊन पुढं, मास्तर छत्री घेऊन मागं. गाव मागं पडल्यावर त्यांनी आवाज खाली आणला.

"काल तू आलास तेव्हा मी घड्याळ बघितलं होतं. बाळासाहेबांच्या आधी सव्वीस मिनिटं."

"लिवलं का जी?"

"कसं लिहिणार? तुझं नाव यादीत नव्हतं." थोडं चालल्यावर म्हणाले, "कुणाला सांगू नकोस मी असं म्हणालो म्हणून."

मोटारीत बसताना त्यांनी माझ्याकडे फार मायेनं बघितलं. त्या नजरेची मला आजही शिसारी येते. दादासाहेबाला निदान खोटं बोलायची गरज वाटत नव्हती. याला खरं माहीत होतं, आणि ते त्यानं आपल्या वळकटीसारखं माझ्या डोक्यावर देऊन टाकलं, आता तूच वाहा.

सव्वीस मिनिटं म्हणजे किती, हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे घड्याळ कुठलं. उंब्रजच्या पेठेत एका शिंप्याच्या दुकानात भिंतीवर घड्याळ होतं. मी पायरीखाली उभा राहून विचारलं, "आवं, सव्वीस मिन्टं म्हंजी काटा कुठनं कुठवर?"

शिंप्यानं वर न बघता सांगितलं, मोठा काटा आत्ता बाराच्या घरात हाय, पाचाच्या जरा पुढं गेला की झाली.

मी उभा राहिलो. काटा बघत. काटा हलतच नाही असं वाटायचं. शिंप्यानं एका सदऱ्याला दोन्ही बाह्या लावल्या. कोरेगावला जायची मोटार आली, भरली, गेली. एका बाईनं समोर भाजीचा भाव केला, भांडली, गेली, परत आली आणि त्याच भावानं घेऊन गेली. माझे पाय दुखायला लागले. शिंपी दोनदा म्हणाला, "आरं, काय पायजे तुला?" मग कुठं काटा पाचाच्या पुढं सरकला.

एवढा वेळ मी दोरीसमोर उभा होतो. कुणी बांधून ठेवलं नव्हतं. वीतभर लांब धरलेली एक काठी, बस्स. मला वाड्यापेक्षा माझाच राग आला, आणि तो राग घेऊन मी घरी आलो. येताना मी पळालो नाही. मुद्दाम चालत आलो.

मधल्या सालात देश स्वतंत्र झाला. चावडीवर झेंडा लागला. मिरवणूक निघाली आणि मिरवणुकीपुढं घुंगराची काठी घेऊन मला पळवलं. गोरा साहेब गेला, पण त्याच्या घोड्यापुढची जागा काही मोकळी झाली नाही.

मार्गशीर्ष आला. परत मॅरेथॉन. तेच मास्तर वाड्याच्या ओट्यावर यादी घेऊन बसले होते. मी अंगणाच्या कडेला उभा राहिलो आणि म्हणालो, "माजं नाव घाला."

मास्तरांनी टाक खाली ठेवला. दादासाहेब झोपाळ्यावर होते. झोपाळा थांबला नाही.

"तुजं नाव? मग वाट कोन दावनार, तुजा लंगडा बा?"

ओटाभर हसू फुटलं. बाळासाहेबही हसले. आयत्या बिळावरचे नागोबा. दुसऱ्यानं दाखवलेल्या वाटेनं मालिश घेत जायचं आणि आल्यावर पेला उचलायचा. मी काठी घेतली.

शर्यत निघाली. देवळापर्यंत मी गेल्या वर्षीसारखाच पळालो, प्रत्येक फाट्यावर थांबून घुंगरं वाजवत. देवळाच्या पलीकडे पन्नास पावलांवर शिवेचा दगड आहे. तिथं आमचं गाव संपतं. तिथं मी थांबलो. वाट सोडून खाली मात्र उतरलो नाही.

बाळासाहेब आले. मागं वऱ्हाड.

"थांबलास का? चल पुढं."

"शीव आली. येसकराचं काम शिवंपातुर. म्होरं त्या गावच्या म्हाराचं."

"गेल्या साली गेलास की."

"गेल्या साली चुकलो."

बाळासाहेबांना पहिल्यांदा कळेना की हसायचं की मारायचं. कॉलेजात हे शिकवलेलं नसावं. त्यांचाच नियम होता. त्यांच्या आजानं, पणजानं आमच्या पाठीवर वळ उठवून शिकवलेला. मी काठी शिवेच्या दगडावर आडवी ठेवली. घुंगरं एकदा वाजली.

"आता मी येसकर न्हाई," मी म्हणालो. आणि त्यांच्या आधी शीव ओलांडली.

पलटणीतला एक जण मागून ओरडला, "आरं गड्या, थांब की जरा!" ओरडण्यात राग नव्हता, काकुळत होती. पण तोही बाळासाहेबांच्या पुढं पाऊल टाकेना. पहिल्या फाट्यापर्यंत त्यांना माझी पाठ दिसली असेल. दुसऱ्यापर्यंत धूळ. पुढं काहीच नाही. मी एकाही फाट्यावर थांबलो नाही. खिंडीत आजा पडला ती जागा आली. मग मी तिथूनही पुढं गेलो.

दोरी दिसली. झेंडू, मांडव, खुर्च्या, सगळं तसंच. कारभारीही तसाच. त्यानं काठी आडवी धरली.

"हितंच थांब."

मी थांबलो नाही. काठी माझ्या छातीला लागली. आणि तीच गोष्ट झाली जिचा मी वर्षभर विचार केला नव्हता. काठी त्यानंच टाकली. निखारा हातात आल्यासारखी टाकली, विटाळाला भिऊन, आणि धोतराला हात पुसायला लागला. म्हणजे गेल्या सालीसुद्धा ती काठी मला अडवू शकली नसती. एक पाऊल पुढं टाकायचं होतं. बाकी सगळं त्याच्या भीतीनं केलं असतं.

दोरी तुटली. फुलं माझ्या गळ्यात आली.

कुणी टोपी उडवली नाही. वाजंत्र्यांतल्या एका मांगानं हलगीवर एक टिपरू मारलं, एकच, आणि हात आवरला. मी सरळ मास्तरांपुढं गेलो. त्यांच्या हातात घड्याळ होतं, मांडीवर वही उघडी होती.

"लिवा मास्तर. आवंदा तरी लिवा."

मास्तरांनी दादासाहेबांकडे बघितलं. मग वही मिटली. घड्याळ कोटाच्या खिशात घातलं, हळूच, कुणाला दिसू नये म्हणून. शहाणा माणूस. असल्या शहाण्यांच्या जिवावरच वाडे उभे असतात.

मग मला मांडवामागं ओढून नेलं. ओढताना आणि मारताना विटाळ होत नाही, हे तेव्हा कळलं. एक दात तिथंच राहिला. बाळासाहेब वाट चुकून भलत्याच खोऱ्यात उतरले होते, आणि त्यांच्या पुढं न जाणारं वऱ्हाडही त्यांच्या मागं. दिवस कलताना परगावच्या एका बैलगाडीतून परत आले. मॅरेथॉन बैलगाडीतून संपली. मी महारवाड्याच्या ओढ्यावर तोंड धूत होतो, तिथून गाडी दिसली. हसायला गेलो तर फुटलेला ओठ ताणला. तरी हसलो.

दुसऱ्या दिवसापासून महारवाडा बंद. भाकरी बंद, दळण बंद, दुकान बंद. आबा दारात बसून एकच म्हणायचा, "सात पिढ्यांचं वतन घालवलंस."

आई चौथ्या दिवशी बोलली. ती रोज टोपली घेऊन भाकरी मागायला जायची, तिला दारं माहीत होती. "काय व्हतं त्यात घालवण्यासारखं? शिळं व्हतं, त्ये बी वरनं टाकायचे." मग पातेल्यात पाला शिजवायला ठेवला.

आठव्या दिवशी चावडीत बोलावलं. गावचा पाटील, दादासाहेब, कारभारी वर. आम्ही खाली. महारवाड्यातले आमचे जाणतेही हात जोडून उभे, पोटाला चिमटा बसला होता त्यांच्या. माझ्यासमोर काठी ठेवली. डोंगरावरून आणली होती. कुणी आणली असेल? आणणाऱ्याला हात लावावा लागला असेल की.

पाटील म्हणाला, "म्होरल्या आठवड्यात मामलेदार येनार हाईत. काठी उचल, दादासाहेब सरकारच्या पाया पड. गाव पोटात घालंल."

मी काखेतून बूट काढले. कॅनव्हासचे, एकाला दाराच्या अडण्याचा मार बसून तोंड फुटलेलं. काठीच्या शेजारी ठेवले.

"ह्ये बी तुमचंच," मी म्हणालो. "घोडं तुमचं, मामलेदार तुमचा. बूट घाला नि तुमीच पळा."

आबा माझ्या मागं उभा होता. मला वाटलं तो आता पायावर पडणार. त्याचा गुडघा वाकतही होता तसा. पण तो वळला आणि लंगडत चावडीतून बाहेर पडला, जोहार न घालता. माझ्या आधी.

मामलेदार आला तेव्हा शिवेवर कुणी नव्हतं. आबाला तसं जाताना बघितल्यावर महारवाड्यातल्या दुसऱ्या कुणीही काठी उचलली नाही. त्यातल्या दोघांना घर सोडावं लागलं, आम्हालाही लागलं. दोन सालं सांगलीत हळदीची पोती वाहिली. सुख लागलं असं कुणाला वाटू नये. तिथंही थांब म्हणणारे होते, फक्त त्यांच्या हातात काठीऐवजी वही होती.

पण मी तो शिंप्याच्या भिंतीवरचा काटा विसरलो नाही. मला कुणी कुठं थांब म्हणालं की मी आधी त्याच्या हाताकडे बघतो. त्यानं काठी किती लांब धरलीय ते बघतो. आणि पुढं पाऊल टाकतो. ती त्यानं टाकली तर ठीक. नाही टाकली तर ती माझ्या छातीवर मोडेल. पण मी तिच्या अलीकडे परत एक मिनिटही उभा राहणार नाही.